स्नॅपड्रॅगनवर औषध मारण्याआधी पान उलटून पाहा

स्नॅपड्रॅगन या फुलझाडाचं पान पिवळं पडलं की आपण हाताशी जे औषध असेल ते पंपात भरतो. मीही एका हंगामात तांबेऱ्यावर, म्हणजे पानांवरच्या एका बुरशीच्या रोगावर, कडुनिंबाचं तेल मारत बसलो होतो, आणि रोपं डोळ्यांदेखत वाळत गेली. या झाडाचे निम्मे शत्रू पानाच्या खालच्या अंगाला असतात. म्हणून पहिलं काम ओळख पटवण्याचं.

सकाळच्या उजेडात बुंध्याजवळची तीन-चार पानं उलटा. चॉकलेटी पुटकुळ्या, बऱ्याचदा गोलाकार मांडल्यासारख्या दिसल्या, तर त्यावर बोट फिरवा. बोटाला तपकिरी भुकटी लागली तर तो तांबेरा. वरून फक्त फिकट ठिपके दिसतात. पानाच्या कडा खाली मुडपल्या असतील आणि मागे पांढुरकी, करडी किंवा जांभळट लव असेल, तर केवडा नावाचा रोग. पिठासारखा थर बहुतेक वरच्या बाजूला असेल आणि बोटाने पुसला जात असेल, तर भुरी हा बुरशीचा रोग. मागे बारीक जाळी आणि वर सुईने टोचल्यासारखे असंख्य ठिपके असतील, तर लाल कोळी ही बारीक कीड.

तांबेरा निघाला तर घाई करावी लागते, कारण स्नॅपड्रॅगनचा खरा वैरी हाच. पुक्सिनिया अँटिऱ्हिनी नावाची ही बुरशी 1933 साली ब्रिटनमध्ये पोचली. तिला तोंड देणारे वाण तयार झाले, पण बुरशीनेही नवे प्रकार काढले, त्यामुळे पाकिटावर 'तांबेरा-प्रतिकारक' लिहिलं असलं तरी बेसावध राहू नका. आधी पानाखाली पिशवी धरा, मगच पान खुडा. झाड हलवलंत तर भुकटी शेजारच्या रोपांवर उडते. निम्म्याहून जास्त झाड डागाळलं असेल तर मन घट्ट करून मुळासकट उपटा. ही पानं खताच्या खड्ड्यात टाकू नका.

दुसरी पायरी पाण्याची, आणि माझ्या मते औषधापेक्षा हीच मोठी. पान काही तास सलग ओलं राहिलं की तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे तीच भुकटी, रुजतात. संध्याकाळी झारीने झाडाला अंघोळ घालणं म्हणजे रात्रभर त्यांची सोय करणं. पाणी सकाळी आणि थेट बुंध्याशी द्या. दोन रोपांत 20 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे वारा खेळतो आणि दव लवकर सुकतं. फुलांच्या दांड्यांवर करडी बुरशी येते तीही दाटीमुळेच.

मग फवारणी. मॅन्कोझेब, तांबंयुक्त औषध किंवा गंधक हे निरोगी पानाला वाचवतं; पडलेला डाग मिटत नाही. म्हणून ते उरलेल्या हिरव्या पानांवर, खालच्या बाजूनेही, लेबलवरच्या प्रमाणात मारायचं. गंधक कडक उन्हात मारलं तर पानं करपतात, आणि तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. भुरीलाही गंधक चालतं. केवड्याची रोपं मात्र काढून टाकलेलीच बरी. त्याचे बीजाणू मातीत टिकतात, तेव्हा त्या जागी पुन्हा स्नॅपड्रॅगन नको.

बी पेरलेल्या ट्रेमध्ये कोवळी रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडत असतील, तर ती रोपमर, म्हणजे कोवळी रोपं मारणारा रोग. स्नॅपड्रॅगनचं बी अगदी बारीक असतं आणि रुजायला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसतं भुरभुरतात आणि सुकू नये म्हणून दिवसभर पाणी शिंपडत राहतात. तिथेच घात होतो. स्वच्छ माध्यम घ्या, बी विरळ टाका आणि ट्रे खालून भिजवा.

किडींसाठी पांढरा कागद लागतो. फुलांची दांडी त्यावर हलकेच झटका. लांबुडके, चपळ जीव पळाले तर ते फुलकिडे. पाकळ्यांवर चंदेरी ओरखडे आणि आतून सांडलेले परागकण ही त्यांची खूण. ते विषाणूही पसरवतात. पिल्लू रोगट झाडातून विषाणू घेतं आणि मोठं झाल्यावर दुसऱ्या झाडाला देतं. पानावर तपकिरी वलयं उमटून शेंडा खुरटला, तर औषध नाही. झाड उपटा.

मावा ही बारीक कीड कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करते. पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन सकाळी मारा. तेवढ्याने बराच जातो. उरलेल्यावर, आणि लाल कोळ्यावरही, कीटकनाशक साबणाचं किंवा कडुनिंबाच्या तेलाचं पाणी मारा, पण आधी एका पानावर करून बघा. वेळ संध्याकाळची, मधमाश्या परतल्यावर. या फुलाचा जबडा भुंग्यासारख्या दणकट माश्यांनाच उघडता येतो, त्यांना औषधाची झळ नको. आणि फवारा एवढाच मारा की पान अंधारायच्या आत सुकेल, नाहीतर तांबेऱ्याला आपणच बोलावू. कळीला भोक दिसलं तर आत अळी असते. ती हाताने काढा.

बहर संपला की जुनी खोडं ठेवू नका. तांबेरा जिवंत झाडावरच तग धरतो, आणि 'पुन्हा फुटेल' म्हणून राखलेलं एखादं रोप पुढच्या लावणीला तो देऊन जातं.