लाकडी फरशी म्हणजे शहाबादी नव्हे: या चुका टाळा

पितृपंधरवडा संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. घटस्थापनेआधी घर धुऊन काढायची आपल्याकडची रीत. गोधड्या झाल्या, भांडी झाली, की बादलीभर पाणी ओतून खराट्यानं फरशी. शहाबादीनं पिढ्यान्‌पिढ्या हे सोसलंय. पण वरच्या खोलीत हौसेनं सागवानी फळ्या बसवल्यात, तिथंही तीच बादली जाते. मग चार दिवसांनी, "मिस्त्री, फळ्या फुगल्या, आजच या."

आज येऊन मी काय करणार? लाकूड पाणी पितं आणि आडवं फुगतं. म्हणून तर भिंतीलगत ८-१० मिमी फट सोडून वर पट्टी मारलेली असते. कुणीतरी घाण दिसते म्हणून ती फट सिमेंटनं बुजवतं, ते वेगळंच.

माझ्या घरी रोज कोरडा मॉप. आठवड्यातून एकदा ओलं फडकं, तेही इतकं पिळलेलं की पुसल्यावरची ओल मिनिटभरात उडाली पाहिजे. पुसायचं फळीच्या लांबीत. बोअरचं जड पाणी वापराल तर पांढरट डाग उरतात. फिनेल, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही नको, पॉलिशची चमक जाते. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. थेंब तसेच उभे राहिले तर पॉलिश शाबूत आहे. पाच-दहा मिनिटांत खाली लाकूड काळवंडलं, तर पुसणं सोडा आणि पॉलिशचं बघा.

आता कूलर. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, हवा ठणठणीत कोरडी, आणि खिडकीतला लोखंडी कूलर रात्रभर ओली हवा फेकतोय. वर टाकी भरायला नळी लावून माणसं झोपी जातात.

लातूरला एका निवृत्त हेडमास्तरांकडे असंच झालं. महिनाभर टाकी सांडत होती, पाणी फळ्यांच्या खाली मुरत होतं. खालची बाजू फुगली, वरची कोरडी राहिली, की फळीच्या कडा उचलतात आणि मधे पन्हाळ होतं. पंधरा दिवसांवर मुलीचा साखरपुडा. गुरुजी म्हणाले, "काहीतरी करा." मी नवा होतो, हाताला खाज होती. घासायचं मशीन मारलं. आधी ६० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८०, मग १२०, वर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन हात. आरशासारखी झाली. पाहुण्यांनी माझा नंबर घेतला.

संक्रांतीला गुरुजींनी तिळगुळाला बोलावलं. "मिस्त्री, आधी चहा घ्या, मग खाली बघा." थंडीत लाकूड खालून वाळलं होतं. उचललेल्या कडा तर मी जूनमध्येच घासून टाकल्या होत्या, त्या आता खाली गेल्या. प्रत्येक फळी मधे फुगलेली, अनवाणी चाललं की गोटे लागावेत तशी. पुन्हा घासून दिली, माझ्या पैशानं. फळीची जाडी गेली ती गेलीच.

तेव्हापासून फुगलेल्या फरशीला मी लगेच मशीन लावत नाही, गिऱ्हाईक कितीही तडफडो. पाणी कुठून येतं ते बंद करायचं, पंखा लावायचा आणि थांबायचं. दर आठवड्याला फळीवर आडवी स्टीलची पट्टी ठेवून तिच्याखालच्या फटीतून किती उजेड दिसतो ते बघतो. तीन आठवडे फरक पडला नाही, तरच घासायचं. पुष्कळदा फळी आपोआप बसते आणि माझी मजुरी बुडते. बुडू दे.

व्हिडिओ बघून भाड्यानं मशीन आणणारे वेगळे. चालू मशीन एका जागी क्षणभर थांबलं की खड्डा पडतो, आणि तो भरायला पुन्हा मीच. त्यातून फरशी अख्ख्या लाकडाची आहे की प्लायवर २-४ मिमी लाकूड चिकटवलेली, हेही बघितलेलं नसतं. दुसरी असेल तर एकदा, फार तर दोनदा घासता येते. लॅमिनेटला तर हातच लावू नका, वर नुसतं लाकडाचं चित्र असतं.

उन्हाळ्यात दिसणाऱ्या बारीक भेगांत लांबी (पुट्टी) भरू नका, पावसाळ्यात फळ्या फुगून ती बाहेर ढकलतात.

अंगणातला मुरूम चपलेला चिकटून येतो आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या चिकटवा.

खोबरेल चोळू नका, धूळ धरते. पीयूवर मेणही नको, पुढचा हात धरत नाही.

जवसाच्या तेलाचं पॉलिश केलंत तर तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटतो. बाहेर पसरून वाळवा.

आणि पीयू मारल्यावर दुसऱ्याच दिवशी पलंग ओढू नका. वरून हाताला कोरडं लागतं, आत कच्चं असतं. मी पहिल्या दिवशी कुणाला पाऊल टाकू देत नाही, पलंग-कपाट चौथ्या दिवशी उचलून ठेवतो, सतरंजी दोन आठवड्यांनी. गुरुजींचा कूलर आता खिडकीबाहेर घोडीवर असतो आणि टाकीला फ्लोट बसवलाय, टाकी भरली की पाणी आपोआप बंद.