आतली ताकद आणि मुरलेला हात: आखाड्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

जोडीदाराला सरळ उभं करा. त्याचा उजवा हात मनगटाखाली धरून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला आणि सांगा, ‘हाताचं सगळं वजन माझ्यावर टाक.’ तो म्हणेल, टाकलं. मग काही न बोलता आपला हात झटकन काढून घ्या. नव्या मुलाचा हात बहुतेक वेळा खाली पडत नाही, हवेतच तरंगत राहतो. वजन टाकलंय असं त्याला मनापासून वाटत होतं, पण खांदा आणि दंड मात्र हात धरूनच होते. ज्याला चिनी लोक ‘ची’, जपानी लोक ‘की’ आणि आपण प्राण किंवा आतली ताकद म्हणतो, तिची वाट इथूनच सुरू होते. जो हात सोडता येत नाही, त्यातून जोर पुढे जात नाही.

बडोद्यात हा विषय नवा नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि व्यायामगुरू राजरत्न माणिकराव यांच्यामुळे लाठी, फरी-गदका (ढाल-काठीचा खेळ), मल्लखांब ही नावं इथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातात. मुजुमदारांनी संपादित केलेला 10 खंडांचा व्यायामज्ञानकोशही याच गावातून निघाला. आज त्याच घरांतली मुलं कराटे, तायक्वांदो, ऐकिडो, ताई-ची यांच्या वर्गांना जातात, आणि तिथे ‘आंतरिक ऊर्जा’ हा शब्द कानावर पडतो. तो शब्द टाकून देऊ नका, पण आंधळेपणाने डोक्यावरही घेऊ नका.

चिनी परंपरेतच एक फार उपयोगी भेद आहे. ‘ली’ म्हणजे नुसता स्नायूंचा जोर, आणि ‘जिन’ म्हणजे घडवलेला, सगळ्या अंगातून एका दिशेने येणारा जोर. ठोसा हातात जन्मत नाही. मागच्या पायाची टाच जमीन दाबते, कंबर वळते, मग खांदा, कोपर आणि शेवटी मूठ. एकाचा वेग पुढच्याला मिळत जातो. या साखळीत एक कडी वेळेआधी आवळली की मागून आलेला सगळा जोर तिथेच अडतो. नव्या माणसाची मूठ पहिल्यापासून घट्ट असते, त्यामुळे दंडाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहतात. घाम भरपूर येतो, ठोसा मात्र हलका लागतो. मूठ आवळायची ती लागण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी, आणि लगेच सोडायची.

हे अंगाने समजून घ्यायचं असेल तर ऐकिडोतला न वाकणारा हात करून पाहा. आपलं मनगट जोडीदाराच्या खांद्यावर ठेवा, तळवा वर, कोपराची खोबण आकाशाकडे. कोपर किंचित सैल असू द्या. जोडीदाराने दोन्ही हात खोबणीवर ठेवून हळूहळू वजन खाली द्यायचं, झटका अजिबात नाही. पहिल्या वेळी मूठ घट्ट आवळून विरोध करा. हात बहुधा वाकेल. दुसऱ्या वेळी बोटं मोकळी सोडा, नजर समोरच्या भिंतीवर ठेवा आणि बोटं भिंतीपर्यंत पोचवायची आहेत एवढंच मनात आणा. आता तोच माणूस तेवढंच वजन देऊनही सहसा हात वाकवू शकणार नाही. कारण साधं आहे. मूठ आवळून ताणलं की दंडाचा पुढचा स्नायू कामाला लागतो, आणि त्याचं कामच कोपर वाकवणं आहे. म्हणजे आपण जोडीदारालाच मदत करत असतो. लांब पोचायचा विचार केला की मागचा, हात सरळ ठेवणारा स्नायू जवळजवळ एकटा काम करतो. एक काळजी घ्या: कोपराचं टोक वर करून हा प्रयोग कधीही करू नका, सांधा उलटा दाबला जाऊन निकामी होऊ शकतो.

मग ‘की’ म्हणजे निव्वळ भ्रम का? नाही. ‘ऊर्जा बोटांतून पाण्यासारखी वाहते आहे’ ही सूचना शरीराकडून जे करून घेते, ते ‘अमुक स्नायू सैल कर, तमुक आवळ’ असं सांगून होत नाही. ही शिकवण्याची भाषा आहे, आणि शेकडो वर्षं घासूनपुसून चोख झालेली आहे. चूक होते ती या भाषेला नळातून येणाऱ्या पाण्यासारखी खरीखुरी वस्तू समजण्यात.

ही चूक श्वासाच्या अभ्यासात सगळ्यात जास्त होते. भराभर आणि खोल श्वास घेत राहिलं की काही मिनिटांत ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुलं आनंदाने सांगतात, ऊर्जा जागी झाली. खरं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. तिथेच थांबा, बसा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. हात गरम होणं हे मात्र बरं लक्षण आहे, कारण ताण उतरला की हातांतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. सुरुवातीला 4 अंक मोजत नाकाने श्वास घ्या, 6 अंक मोजत सोडा, 5 मिनिटं पुरे. हाताचा तळवा बेंबीखाली चार बोटांवर ठेवा. याच जागेला चिनी लोक दान्त्येन आणि जपानी लोक तान्देन म्हणतात. श्वास घेताना तळवा पुढे सरकला पाहिजे आणि खांदे वर जाता कामा नयेत. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी श्वास कोंडायचा नाही.

उभं राहण्याचा अभ्यास नव्या लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण त्यासारखा पाया दुसरा नाही. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, पंजे जवळजवळ समांतर, गुडघे थोडे वाकलेले, हात छातीसमोर मोठा रांजण कवेत घेतल्यासारखे. पहिल्या आठवड्यात रोज 2 मिनिटं, मग दर आठवड्याला 1 मिनिट वाढवा, 10 मिनिटांवर थांबलात तरी चालेल. मांड्या थरथरतात ती स्नायूंची थकावट असते, तिला वेगळं नाव द्यायची गरज नाही. गुडघे दुखायला लागले तर खाली पाहा: गुडघा अंगठ्याच्या आत कलला असेल. तो दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत आणा आणि थोडं वर उठा. दुखणं तरीही राहिलं तर त्या दिवशी बंद. बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी सहा-साडेसहाला हे छान होतं. मे महिन्यात मात्र सातच्या पुढे उन्हात उभं राहू नका.

लाठी शिकणाऱ्यांनाही हीच गोष्ट वेगळ्या वाटेने भेटते. पहिल्या पंधरवड्यात मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखतं, कारण लाठी तळव्यात गच्च धरलेली असते. ती बोटांत धरायची, फिरताना तिला आपल्या वजनाने फिरू द्यायची. वार करताना पुढचा हात दिशा देतो, मागचा हात ओढतो, आणि दोन्ही मुठी एकदमच पिळल्या जातात. लाठी उंचीला साधारण कानापर्यंत घ्या. फार जड निवडली की खांदा उचलून वार होतो आणि ती सवय पुढे वर्षभर मोडत नाही.

प्रात्यक्षिकांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आई-वडील त्यावरूनच वर्ग निवडतात. फळी फुटते ती सुकी, नरम लाकडाची, रेषांच्या दिशेने, दोन्ही कडांवर टेकवलेली. खिळ्यांच्या पलंगावर वजन शेकडो टोकांवर वाटलं जातं. छातीवरची जड फरशी हातोड्याचा धक्का स्वतःच बराचसा खाते. यात धैर्य आहे, नेमकेपणाही आहे, पण गूढ असं काही नाही, आणि गुरूने तसं सांगितलं पाहिजे. स्पर्श न करता शिष्यांना पाडणाऱ्यांपासून दूर राहा. तिथे शिष्य वर्षानुवर्षं पडायलाच शिकलेले असतात, आणि गुरूलाही हळूहळू ते खरं वाटू लागतं. 2017 साली चीनमधल्या चेंगडूत एक ताई-ची गुरू मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूसमोर उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत हरले. त्यातून ताई-ची खोटी ठरत नाही. विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव न केलेली कोणतीही विद्या अशीच उघडी पडते. म्हणून वर्ग पाहायला गेलात तर एकच गोष्ट बघा: विद्यार्थी गुरूला मोकळेपणाने ढकलू शकतो का, आणि डाव चुकला तर गुरू तो चुकला असं सांगतो का.

पट्ट्यांच्या रंगावरून कसब ठरवू नका. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थही वेळ आणि कष्ट देऊन कमावलेलं कौशल्य असा आहे, मग ते स्वयंपाकातलं का असेना. आपल्याकडे म्हणतात, हात मुरलाय. लोणच्यासारखाच तो घाईने मुरत नाही. जपानी परंपरा यात तीन टप्पे सांगते: ‘शू’ म्हणजे जसंच्या तसं पाळणं, ‘हा’ म्हणजे ते मोडून पाहणं, ‘री’ म्हणजे त्यातून मोकळं होणं. नवे लोक पहिल्या सहा महिन्यांतच मोडायला निघतात. निदान दोन-तीन वर्षं एका गुरूकडे, एका पद्धतीने करा.

मुरलेला हात ओळखायचा तर वार सुरू होण्याआधीचा क्षण पाहा. कच्चा माणूस आधी सांगतो: खांदा उचलतो, श्वास आत ओढतो, भुवया आवळतो. मुरलेल्याचं काहीच हलत नाही आणि लाठी पोचलेली असते. मग वार संपल्यानंतरचा क्षण पाहा. पूर्ण वेगाने आलेली लाठी जोडीदाराच्या कानापासून दोन बोटांवर थांबते, टोक थरथरत नाही, आणि मारणाऱ्याचा श्वास तसाच शांत चालू असतो. समोर पहिल्याच दिवशी आलेली बारा वर्षांची मुलगी असली, तरी ते अंतर दोन बोटांचंच राहतं.