‘दुबार’, ‘वाढीव मतं’, ‘पारदर्शक’: नेत्यांचे शब्द कसे तपासायचे

नेत्याची क्लिप आली की फॉरवर्ड करायच्या आधी त्यातला मेन शब्द कागदावर लिहा, हसू नका, खरंच लिहा. मग बाजूला लिहा की नेमकं कोणी, कधी, काय केलं म्हणे.

‘दुबार मतदार’ घ्या. यादीत नाव दोनदा असणं वेगळं आणि एकाच माणसाने दोनदा मत टाकणं वेगळं. गावाकडे एक नाव, पुण्यात दुसरं, अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत निघतील. नाव दोनदा असणंही नियमात बसत नाहीच, पण विरोधक पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरं सिद्ध झाल्यासारखं बोलतात आणि सत्ताधारी दुसऱ्याचा पुरावा मागून पहिलंही झटकून टाकतात.

मग आकडे. 20 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं, संध्याकाळी 5 ला 58.22 टक्के, रात्री साडेअकराला 65.02, फायनल 66.05. काँग्रेसवाले याला ‘वाढीव मतं’ म्हणाले, निवडणूक आयोग म्हणाला 5 चा आकडा अंदाजे असतो, मतदान 6 पर्यंत आणि रांगेतल्यांना नंतरही करू देतात. आकडे तेच, नाव दोन! इथे भाषण सोडा आणि फॉर्म 17सी, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशोबाचा कागद, मागा. मी एकदा पोलिंग एजंट होतो, शेवटी मशीनचं क्लोज बटण दाबल्यावर टोटल दिसतो, तोच केंद्राध्यक्ष 17सी वर लिहितात आणि सही करून एजंटला कॉपी देतात (माझी कॉपी चहाच्या डागासकट अजून फाईलला आहे). मतं घुसवली म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या बूथचा 17सी आणि मोजणीतला आकडा जुळत नाही ते दाखव.

आता ‘सगळं पारदर्शक आहे’ म्हणणारे. यांना तर जास्तच धरा. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमांतला नियम 93 बदलला, आधी निवडणुकीची ‘इतर सर्व कागदपत्रं’ लोकांना बघता यायची, आता ‘या नियमांत नमूद केलेली’ एवढी भर पडली आणि नियमांत सीसीटीव्हीचा उल्लेखच नाही, म्हणजे फुटेज लोकांना बघता येणाऱ्या गोष्टींतून आपोआप वगळलं गेलं. त्यामुळे कोणी ‘सगळं रेकॉर्डवर आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न हाच, रेकॉर्ड बघायला मिळतं कोणाला?