सोसायटी पारखायची तर आधी खालची कुत्री बघा

नेरूळ-सीवूड्समध्ये मी भाड्याची घरं दाखवते. गिऱ्हाईक पाणी किती वेळ येतं ते विचारतं, पार्किंग विचारतं, स्टेशन किती लांब ते विचारतं. शेजारी कसे आहेत हे फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी दलालीवर जगणारा एजंट खरं थोडंच सांगणार! ते आपलं आपणच बघायचं.

दुपारी जाऊ नका. दुपारी सगळ्याच सोसायट्या गुणी दिसतात. संध्याकाळी सातनंतर जा. तेव्हा वॉचमनची पाळी बदलते, पोरं खाली असतात, ऑफिसवाले परततात आणि दिवसभर पेंगलेली कुत्रीही उठतात. गेटपाशी थोडा वेळ नुसते उभे राहा.

कुत्रा वॉचमनच्या खुर्चीशेजारी पाय ताणून पडलाय आणि लोक त्याला वळसा घालून जातायत, तर ठीक. कुणी नुसती छत्री उघडली तरी तो शेपूट पोटात घालून गाडीखाली घुसत असेल, तर तिथे मार रोजचा आहे. मग त्याच गेटवर जेवणाचं पार्सल आणणाऱ्या पोराशी लोक कसं बोलतात ते ऐका. बहुतेकदा आवाज तोच असतो.

कुत्र्याचा कान बघा. कानाला खाच असेल तर नसबंदी झाली आहे आणि त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली असते. बऱ्याचदा यामागे सोसायटीतल्याच कुणीतरी महापालिकेला फोन करून केलेला पाठपुरावा असतो. असं माणूस जिथे राहतं, तिथे बंद पडलेल्या लिफ्टसाठीही कुणीतरी फोन करतं.

एकही कुत्रं दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका. आधी होती का, ते विचारा. 'गाडीत घालून लांब सोडून आलो' असं छाती फुगवून सांगणारे सेक्रेटरी मी पाहिलेत. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदीनंतर कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. नको असलेलं उचलून दुसऱ्याच्या दारात टाकायची सवय लागलेली कमिटी पुढे बॅचलर पोरांच्या मागे लागते, मग एकट्या राहणाऱ्या बाईच्या.

नोटीस बोर्ड वाचा. 'कुत्र्यांना लिफ्टमध्ये आणू नये' आणि 'कामवाल्यांनी जिना वापरावा' या पाट्या मला एकाच बोर्डावर दिसल्यात. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करू नये, असं केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांत आहे. कामवाल्या मावशींसाठी अशी सूचना कुणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण प्राणिप्रेमी दिसले की लगेच विरघळूही नका. रोज उकडलेलं चिकन घेऊन उतरणारे एक गृहस्थ वॉचमनला 'ए' म्हणूनच हाक मारतात. कुत्र्याला घाबरणाऱ्या आजोबांना 'मग घरात बसा' म्हणणारेही आहेत. तेव्हा खाणं कुठे घालतात ते विचारा. 2023 च्या त्याच नियमांत म्हटलंय की जागा आणि वेळ सोसायटीने ठरवायची, आणि ती जागा जिने, दरवाजे, मुलांचं मैदान यांपासून लांब हवी. जिथे हे बसून ठरवलंय, तिथे पार्किंगची भांडणंही बसूनच मिटतात. जिथे ठरलेलं नाही, तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत शिव्या चालतात, आणि भाडेकरूला त्या फुकट मिळतात.

वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा आहे का, तो संडास कुठला वापरतो, हेही हळूच विचारून घ्या.

स्वतःचं मांजर किंवा कुत्रं असेल तर टोकन देण्याआधी मालकाला सांगा आणि लीव्ह अँड लायसन्सच्या करारात प्राण्याचा उल्लेख करून घ्या. तोंडी 'चालेल हो'वर डिपॉझिट देऊ नका. मालक पुण्यात किंवा दुबईत असतो आणि दारात येते ती कमिटी.