सरासरी बाजूला ठेवा, ऑर्डर कुठे थांबते ते बघा

ऑर्डरी वेळेवर जात नाहीत म्हटलं की मालक आधी माणसं वाढवायला किंवा नवं सॉफ्टवेअर घ्यायला निघतात. कृपा करून थोडं थांबा. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी टॅलीतून किंवा रजिस्टरवरून एक्सेलमध्ये घ्या. प्रत्येकीपुढे चार तारखा लिहा: ऑर्डर आली, मंजूर झाली, माल तयार झाला, गाडी निघाली. आता लागोपाठच्या तारखांमधलं अंतर काढा.

इथे सरासरीवर विसंबू नका. 10 पैकी 9 ऑर्डरी 2 दिवसांत गेल्या आणि एक 32 दिवस अडकली, तर सरासरी येते 5 दिवस. प्रत्यक्षात 5 दिवस एकाही ऑर्डरला लागलेले नसतात! म्हणून मीडियन, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा (एक्सेलमध्ये तयार फॉर्म्युला आहे), आणि अडकलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढून एकेक तपासा. खरी माहिती त्यांच्यातच असते.

मग ती यादी घेऊन ते काम रोज हाताळणाऱ्या माणसाजवळ बसा. 'उशीर का केला?' असं विचारू नका, 'ही कशासाठी थांबली होती?' असं विचारा. बहुतेकदा उत्तर साधं असतं: ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकला होता, किंवा उधारीची मर्यादा ओलांडली म्हणून साहेबांची सही हवी होती आणि साहेब दौऱ्यावर होते. पहिल्यासाठी ऑर्डर घेतानाच नंबर तपासा. दुसऱ्यासाठी ठरावीक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार अकाउंटंटला द्या. पुढच्या महिन्यात त्याच चार तारखा पुन्हा मांडून फरक पडला का ते बघा.