भारत आणि जपानची प्लाय-बोर्ड आयात ताडून पाहताना

अर्थशास्त्राच्या एमएला प्रकल्प करायचा आहे आणि घरात मेस्त्रीकाम चालत आलंय, तर दोन देशांची प्लाय-बोर्डची आयात हा विषय डोळे मिटून घ्या. कुडाळला राहून मी भारत आणि जपान ही जोडी घेतली. आकडे फुकट मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) फाओस्टॅट या आकडेवारीच्या संकेतस्थळावर १९६१ पासूनची मालिका आहे.

आधी एकक अंगवळणी पाडा. तिथे सगळं घनमीटरमध्ये असतं, दुकानात शीटमध्ये. आठ बाय चारची, अठरा एमएमची एक शीट म्हणजे साधारण ०.०५३५ घनमीटर. म्हणजे घनमीटरला जेमतेम १९ शीट. एवढं डोक्यात बसलं की तक्त्यातले आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. किंमत डॉलरमध्ये असते, ती नंतर बघा. रुपयाच्या १९९१ च्या अवमूल्यनासारख्या घटना तिथे गोंधळ घालतात.

एकत्रित बेरजेवर थांबू नका. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड हे वेगवेगळे माल आहेत, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. साधं पार्टिकल बोर्ड ओल धरून कडेने फुगतं, म्हणून ओट्याखाली मेस्त्री आयएस ७१० मानकाचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लायच मागतो. सीमाशुल्काच्या कोडमध्येही ते वेगळे आहेत: ४४१० पार्टिकल बोर्ड, ४४११ एमडीएफसारखे फायबरबोर्ड, ४४१२ प्लाय. व्हिनिअर, म्हणजे ओंडका सोलून काढलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, ४४०८ मध्ये.

आता खरा मुद्दा. भारताची तयार शीटची आयात बरीच वर्षं अगदी खाली दिसते, आणि वाटतं की बाहेरच्या लाकडावाचून आपलं काही अडत नव्हतं. तसं नाही. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला लगाम घातला आणि बाहेरच्या ओंडक्यांवरची भिस्त वाढली. ओंडके आणायचे, सोलून प्लाय इथेच करायचं. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा गर्जन लाकडाचं फेस व्हिनिअर (प्लायच्या वरच्या थराचा पापुद्रा) तिथेच सोलून आणण्याकडे व्यापारी वळले. म्हणून ओंडका, व्हिनिअर आणि शीट या तीनही रेषा एकाच आलेखावर काढा.

जपाननेही आधी फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशियाचे ओंडके आणून घरीच प्लाय केलं. १९८५ मध्ये इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात बंद केली. मलेशियातल्या साबाह-सारवाकचे ओंडके येत राहिले, पण इंडोनेशियाचं तयार प्लाय झपाट्याने वाढलं. पुढे घरबांधणी ओसरली, गिरण्या स्वतःच्या सुगी (जपानी देवदार) लाकडाकडे वळल्या आणि आयात उतरली. पुरवठादाराने दार लावल्यावर एक देश शीटकडे वळला, दुसरा व्हिनिअरकडे. प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण मला हेच वाटतं, पानं इथेच खर्च करा.

दोन बारीक गोष्टी. डीजीसीआयएस या भारत सरकारच्या व्यापार-आकडेवारी कार्यालयाचे आकडे एप्रिल ते मार्च असतात, फाओस्टॅटचे जानेवारी ते डिसेंबर. एकाच रेषेत मिसळू नका. आणि दरडोई आकडा काढाच, कारण लोकसंख्येत दसपटीहून जास्त फरक आहे.

नोकरीसाठी न्हावा शेवा परिसरातल्या सीएचएंकडे (सीमाशुल्काचं काम करून देणाऱ्या एजंटांकडे) आणि बोर्ड आयातदारांकडे विचारा. जाताना आलेख सोबत ठेवा आणि १९८५, १९९६, २०१४ या तीन वर्षांपाशी रेषा का वळली ते तोंडी सांगायची तयारी करून जा.