शेवटच्या रकान्यात लिहिण्यापूर्वी

टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या मजकुराच्या खिडकीत) चौकट, तक्ता किंवा प्रगतीची पट्टी काढणारा प्रोग्राम लिहायला घेताय ना? मग आधी खिडकीची रुंदी विचारून घ्या, ८० रकाने (एकेका अक्षराची घरं) गृहीत धरू नका. वापरणारा खिडकी ओढून लहानमोठी करतो तेव्हा सिगविंच सिग्नल येतो. तो पकडून रुंदी पुन्हा वाचायची सोय ठेवा.

खरा वेळ द्यायचा तो शेवटच्या रकान्याला. डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्राची रीत आज एक्सटर्मसकट बहुतेक एम्युलेटर (अशा यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) पाळतात. ८०व्या रकान्यात अक्षर उमटलं तरी कर्सर खाली उतरत नाही. तो तिथेच थांबतो, आणि पुढचं अक्षर आलं तरच आधी ओळ मोडून मग ते लिहितो. त्यामुळे ७९ अक्षरं लिहून कर्सरची जागा विचारा, उत्तर येतं ८०. ८० लिहून विचारा, तरीही ८०. उत्तर एकच, पण आतली अवस्था वेगळी. म्हणून किती लिहिलं याचा हिशेब प्रोग्रामनेच ठेवायचा. ८० अक्षरं लिहून झालेल्या अवस्थेत ‘इथून ओळीच्या शेवटापर्यंत पूस’ असं सांगितलं, तर एक्सटर्म नुकतंच लिहिलेलं अक्षरच पुसतो. माझ्या तक्त्याची उजवी कड अशीच गायब व्हायची आणि मी दोन दिवस रंगांच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. तेव्हा पुसायचं आधी, लिहायचं नंतर.

टर्मइन्फोमधल्या (कोणतं टर्मिनल कसं वागतं याच्या नोंदवहीतल्या) ‘एएम’ (आपोआप ओळ मोडणं) आणि ‘एक्सईएनएल’ (वर सांगितलेलं शेवटच्या रकान्यात थांबणं) या नोंदी पाहून ठेवा. पहिली असेल आणि दुसरी नसेल, तर अक्षर पडताक्षणी ओळ मोडते, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं की अख्खा पडदा वर सरकतो. आपोआप ओळ मोडणं बंदही करता येतं (टर्मिनलची ‘खासगी मोड ७’ ही सेटिंग), पण बाहेर पडताना ते पुन्हा चालू करा, कुणी कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवला तरीही.

बॅशचा (कमांड चालवणाऱ्या शेलचा) प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडच्या आधी दिसणारा मजकूर, रंगीत असेल तर रंगाचे संकेत बॅकस्लॅश लावलेल्या चौकोनी कंसांत आहेत ना, बघा. नसतील तर बॅश त्यांनाही अक्षरं समजून मोजतो, आणि लांब कमांड टाइप करताना ती स्वतःच्याच ओळीवर चढते.

मराठी मजकूर दाखवणार असाल तर रुंदीची तपासणी टाळूच नका. ‘स्थिती’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये मात्र सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. वेलांटीला कुणी एक घर देतं, कुणी शून्य. प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं गणित जुळलं नाही की ओळ भलत्याच जागी मोडते. तक्त्याच्या प्रत्येक रकान्याच्या सुरुवातीला कर्सर थेट त्या जागी नेऊन ठेवा आणि उजवीकडे दोन-चार घरं मोकळी सोडा.

शेवटी व्हीटीटेस्ट या टर्मिनल तपासणाऱ्या प्रोग्राममधली ओळ मोडण्याची चाचणी आधी नुसत्या एम्युलेटरमध्ये आणि मग टीमक्सच्या (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत चालवा. तुमचं टर्मिनल बदललं की पुन्हा चालवा.